टोकियो, एक दिवस आणि पर्समधला कचरा

श्रोतेहो, नमस्कार.

टोकियोत माझ्या वाट्याला आला एकच दिवस. यादी मात्र तेरा ठिकाणांची. भाचीने ती वाचली, पेन घेतलं आणि दहा नावांवर काट मारली. "मावशी, तीनच. जास्त करायला गेलीस तर नुसते स्टेशनांचे जिने बघशील." राग आला मला. इतक्या लांब यायचं आणि तीन?

ती राहते टोकियोतल्याच निशी-कासाईत. सन 2000 च्या सुमारास संगणकवाली भारतीय मंडळी इथे येऊ लागली, आणि मेट्रोने ऑफिस गाठणं सोपं म्हणून इथेच रुळली. 2019 साली या एडोगावा वॉर्डाच्या सभेवर निवडून आलेले योगेंद्र पुराणिक आपले मराठीच. अशा ठिकाणी सकाळी पोहे मिळतील अशी माझी आशा होती. पण भाची म्हणाली, नाश्ता कोपऱ्यावरच्या दुकानात.

तिथे ओनिगिरी घेतली. भाताचा तिकोनी गोळा, पोटात उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, आणि बाहेरून समुद्रशेवाळाचा काळा कागद. मी वडापावचा कागद सोडवावा तशी ती सोडवायला गेले, आणि शेवाळ प्लास्टिकमध्येच राहिलं, भात हातात आला! त्या वेष्टनावर 1, 2, 3 असे आकडे असतात. आधी मधली पट्टी ओढायची, मग उजवा कोपरा, मग डावा. शेवाळ प्लास्टिकच्या दोन पदरांमध्ये असतं, म्हणून भाताच्या ओलाव्याने मऊ पडत नाही. दुसरी मी आकड्यांप्रमाणे उघडली. कुरकुरीत! लोणच्याची फोड घातलेल्या दहीभाताची आठवण झाली, नुसतं दही तेवढं नव्हतं.

आता ते वेष्टन टाकायचं कुठे? रस्त्यावर कचरापेटी नाही. स्टेशनबाहेर नाही. मार्च 1995 मध्ये इथल्या मेट्रोत सारिन नावाचा विषारी वायू सोडला गेला, माणसं मेली, आणि त्यानंतर, पेटीत कोणी काही लपवून ठेवेल या भीतीने, सार्वजनिक जागांतल्या पेट्या मोठ्या प्रमाणावर काढल्या गेल्या. त्या गेल्या, आणि रस्ते तरीही स्वच्छ. मी वेष्टनाची घडी करून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवली.

पहिलं ठिकाण असाकुसा, सेन्सोजी मंदिर. सन 628 मध्ये दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीत एक मूर्ती सापडली, अशी इथली कथा. मूर्ती कान्नोनची. कान्नोन म्हणजे अवलोकितेश्वर, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हाती कमळ घेऊन उभा आहे तोच. ही मूर्ती मात्र भाविकांना कधीच दाखवत नाहीत. मंदिर 1945 च्या बाँबहल्ल्यात जळालं. आज दिसतं ते 1958 चं, काँक्रीटचं. दाराशी लोंबतो तो लाल कंदील पुरुषभर उंचीच्या दुपटीहून थोडा जास्तच, वजन सातशे किलो. कोनोसुके मात्सुशिता या उद्योगपतींना दुखण्यातून उतार पडला, म्हणून 1960 मध्ये त्यांनी ही वेस आणि कंदील अर्पण केला. आपल्याकडे याला नवस फेडणं म्हणतात. कंदिलाच्या खाली जाऊन वर बघा. तळाला लाकडात कोरलेला ड्रॅगन आहे. बहुतेक लोक समोरून फोटो काढतात आणि पुढे जातात.

आत शंभर येन टाकून भविष्य काढलं. पत्र्याचा डबा खळखळ हलवायचा, छिद्रातून काडी निघते, काडीवरच्या आकड्याचा खण उघडायचा. माझी चिठ्ठी निघाली अशुभ! इथे अशुभ चिठ्ठ्या जरा जास्तच निघतात अशी ख्याती आहे म्हणे. ती तिथल्याच तारेला बांधायची आणि वाईट तिथेच सोडून निघायचं. दिवसभरात टाकायला जागा मिळालेला हा माझा एकमेव कागद.

असाकुसाहून गिंझा लाइनने शेवटपर्यंत, शिबुयाला. या लाइनचा पहिला तुकडा 1927 चा. गंमत अशी, की ही भुयारी गाडी शिबुयाला पोचते ती तिसऱ्या मजल्यावर! गाडी चढलेली नसते, जमीनच खाली गेलेली असते. शिबुया दरीत आहे. सगळ्या बाजूंनी एकदम माणसं रस्ता ओलांडतात, तो तिथला प्रसिद्ध चौक मी दोनदा ओलांडला. मेलेल्या मालकाची वर्षानुवर्षं स्टेशनवर वाट बघणाऱ्या हाचिको कुत्र्याच्या पुतळ्याशी फोटोसाठी रांग होती, म्हणून लांबूनच नमस्कार.

एक स्टेशन पुढे दुसरं ठिकाण, सम्राट मेइजींचं मंदिर. खरं तर मला देऊळ आठवत नाही, रस्ता आठवतो. 1920 साली मंदिर झालं तेव्हा इथे रान नव्हतं. देशभरातून लोकांनी सुमारे एक लाख झाडं पाठवली, ती लावली, आणि पुढे जंगलाने स्वतःचं स्वतः वाढावं असा बेत केला. आम्ही गेलो तेव्हा एक सेवक भल्यामोठ्या खराट्याने पानं लोटत होता. न थांबता, न वाकता, मोठमोठे अर्धगोल काढत. ती पानं जाळत नाहीत, गाडीतून नेत नाहीत. पुन्हा झाडांखाली टाकतात, त्यांचंच खत होतं. आम्ही वीसेक मिनिटं त्याच्याकडेच बघत उभ्या होतो. तेरा ठिकाणांच्या यादीत ही वीस मिनिटं कुठे बसली असती?

शेवटी शिंजुकू. स्टेशनला दोनशेहून जास्त दारं. पश्चिमेला जायचं होतं, निघालो पूर्वेला. त्यात अर्धा तास गेला. महानगर सरकारच्या इमारतीत 45 व्या मजल्यावर, 202 मीटरवर, शहर बघायचं दालन फुकट आहे. पैसे देऊन उंच मनोरे चढायची मला तरी गरज वाटली नाही. नोव्हेंबरात तिथे साडेचारलाच सूर्य मावळतो. फुजी ढगात होता. खाली दिवे लागत गेले, आणि शहराचा काठ काही दिसेना.

रात्री घरी आल्यावर पर्स रिकामी केली. सकाळची दोन वेष्टनं, चहाच्या पुड्या, बिस्किटाचा कागद. भाचीच्या ओट्याखाली तीन पिशव्या. मी सगळं पहिलीत टाकणार, तोच तिने हात धरला. "मावशी, हे प्लास्टिक वेगळं. आणि भात चिकटलाय बघ, आधी धुऊन घे."

पाय भरून आले होते, तरी उभी राहिले. एका वेष्टनावर भाताची चार शितं चिकटली होती. ती नखाने काढली, वेष्टन धुतलं आणि वाळत टाकलं.