बेल वाजवा, दार उघडतं

नमस्कार श्रोतेहो.

नोव्हेंबरचा मध्य आला की मुंबईत चित्रांचा आठवडा सुरू होतो. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर 'आर्ट मुंबई' हा कलामेळा भरतो. २०२३ साली तो पहिल्यांदा भरला. चार दिवस असतो, आणि त्याला तिकीट लागतं. पण त्याच दिवसांत फोर्ट, काळा घोडा, कुलाबा इथल्या गॅलऱ्याही आपापली खास प्रदर्शनं लावतात, आणि तिथे तिकीट नसतं. पुन्हा सांगते, कारण हे ऐकताना निसटतं: रेसकोर्सवर तिकीट आहे, गॅलरीत प्रवेश मोफत आहे.

हे मी ज्याला ज्याला सांगते त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "अहो, पण आम्हाला आत घेतात का?"

या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल.

मी फोर्टमध्ये एका बँकेत नोकरीला होते. पलीकडच्या गल्लीत एक जुनी दगडी इमारत होती. लाकडी जिना, खाली वकिलांच्या पितळी पाट्या, आणि दुसऱ्या मजल्यावर एक गॅलरी. काचेचं दार आणि शेजारी बेल. जेवणाच्या सुट्टीत एकदा मी वर गेले, आत कुणी दिसेना, बेलला हात लावला नाही, खाली आले. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर आतली मुलगी काचेतून माझ्याकडे बघत होती आणि मी जिन्याची चौकशी करायला आल्यासारखी वळले. रोज लाखांच्या नोटा मोजणारी बाई मी, पण त्या बेलपुढे माझा हात उठत नव्हता.

चौथ्या वेळी गेले तर जिन्याच्या वळणावर दाराएवढा लाकडी खोका अडकला होता. खाली दोन हमाल, वर पांढरे सुती हातमोजे घातलेले एक साठीचे गृहस्थ. खोक्याचा एक कोपरा कठड्याला लागत होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, जरा हात लावा." मी डब्याची पिशवी पायरीवर ठेवली आणि तो कोपरा उचलून धरला. खोका सुटला. त्याच्या मागोमाग मी सरळ आत. बेल वाजवायची वेळच आली नाही.

ते काका सावंतवाडीकडचे. तीस वर्षं चित्रं उतरवायचं, बांधायचं, टांगायचं काम करत होते. त्यांनी खोक्याचे स्क्रू काढले, आतला फोम बाजूला केला, बटरपेपर सोडवला. मी समोरून बघायला पुढे झाले, तर म्हणाले, "बाई, हंय येवा. आधी ह्येची पाठ बघा."

श्रोतेहो, त्या दिवसापर्यंत चित्राला पाठ असते हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लाकडाची चौकट, तिच्या कोपऱ्यांत कापड ताणून धरायला ठोकलेल्या छोट्या पाचरी. कापडावर पेन्सिलने काढलेला बाण, वर कुठली बाजू ते कळावं म्हणून. आणि चिठ्ठ्या. एक पिवळी पडलेली, एक अर्धी फाटलेली, एकीवर परदेशातल्या प्रदर्शनाचा क्रमांक. प्रत्येक चिठ्ठी म्हणजे एक प्रवास. काका एकेका चिठ्ठीवर बोट न टेकवता, वरून फिरवत म्हणाले, "ह्यां चित्र तीन येळा समुद्रापलीकडे जावन इलां." खालच्या कोपऱ्यात कापड फाटलं होतं, तिथे मागून ठिगळ लावलेलं होतं. इतकं बारीक की पुढून काही कळू नये.

मग चित्र फिरवलं. सगळं राखाडी, आणि मधून एक पिवळा पट्टा. हळकुंड किसताना बोटांना लागतो ना, तो पिवळा. झाड नाही, माणूस नाही, देऊळ नाही. एरवी मी अशा चित्रावरून दोन सेकंदांत पुढे गेले असते. पण मी त्याची पाठ बघितली होती. खालच्या कोपऱ्याशी गेले आणि ठिगळाची जागा शोधू लागले. सापडली नाही. शोधता शोधता त्या राखाडी रंगात निळा दिसू लागला, मग त्याच्याखाली जांभळा, आणि पिवळ्या पट्ट्याची कड एका बाजूने धारदार, दुसऱ्या बाजूने विरघळलेली.

आता टांगायची वेळ. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यावा, असा या कामातला हिशोब असतो. आदल्या दिवशी कुणीतरी भिंतीवर पेन्सिलची खूण करून ठेवली होती. काकांनी मला भिंतीसमोर उभं केलं. "नाकासमोर बघा. मान वर नको, खाली नको." मी बघितलं. त्यांनी पहिल्या खुणेच्या खाली दोन बोटं सोडून दुसरी खूण केली. गॅलरीतली मुलगी म्हणाली, काका, ते खाली येतंय. काका म्हणाले, "बघूक येतत ती माणसां ह्या बायच्या उंचीची असतत."

आणि चित्र माझ्या डोळ्यांच्या रेषेत टांगलं गेलं.

त्या मुलीने मग स्वतः मला पाणी दिलं, चित्रांच्या यादीचा कागद दिला. मी काही विकत घेणार नाही हे तिला कळत होतं, तरी दिला. पुढचा महिनाभर जेवणाची शेवटची दहा मिनिटं मी त्या एका चित्रासमोर काढली. दुपारी अडीचला खिडकीतून ऊन यायचं तेव्हा राखाडी रंग कोमट व्हायचा, ढगाळ दिवशी अगदी दगडासारखा. शेवटच्या दिवशी गेले तेव्हा चित्र खोक्यात गेलं होतं आणि भिंत मोकळी होती. तिच्यावर खिळ्याचं भोक आणि त्याच्या दोन बोटं वर ती पहिली, वापरात न आलेली पेन्सिलची खूण. महिनाभर चित्रामागे लपलेली. काकांनी भोकात पुट्टी भरली, पत्रीने सपाट केली, खुणेवर ओलं फडकं फिरवलं. मी बघत उभी राहिले.

तर आत घेतात का? घेतात. बेल वाजवा, दार उघडतं. आत गेल्यावर टेबलावर चित्रांची यादी असते, ती मागून घ्या. किंमत विचारली तरी चालते, न घेता निघालं तरी चालतं. कुणी अडवत नाही.

मात्र मला गॅलऱ्यांनाही एक सांगायचंय. भिंतीवरचा मजकूर मराठीतही असू द्या. मुंबईत, महाराष्ट्राच्या राजधानीत, चित्राचं नाव वाचण्यासाठी माणसाला अडखळावं लागू नये. आणि दोन बाकं ठेवा. गुडघे दुखणाऱ्या माणसालाही दहा मिनिटं चित्र बघायचं असतं.

आता कुठे जायचं ते सांगते. सगळं एका दिवसात करायला जाऊ नका. एक दिवस रेसकोर्स, एक दिवस फोर्ट आणि काळा घोडा.

रेसकोर्सला पश्चिम रेल्वेचं महालक्ष्मी स्टेशन, आता भुयारी मेट्रोचंही आहे. तिकीट आधी काढून ठेवा. देशभरातल्या गॅलऱ्या एका छताखाली येतात, त्यामुळे डोळे लवकर थकतात. मी पाचच गोष्टी निवडते आणि प्रत्येकीसमोर दहा मिनिटं उभी राहते. पाच गोष्टी, दहा दहा मिनिटं. बाकीच्यांवरून नुसती नजर फिरली तरी बिघडत नाही. फोटो घरी जाण्याआधी काढा, पण बघून झाल्यावर काढा.

फोर्टच्या दिवशी चर्चगेट किंवा हुतात्मा चौक मेट्रोला उतरा आणि चालत निघा. पहिली जहांगीर आर्ट गॅलरी. १९५२ सालची, रोज उघडी, मोफत. तिथे चित्रकार बहुधा स्वतः आपल्या चित्रांपाशी बसलेला असतो. त्याच्याशी बोला. कोल्हापूरचा असतो, नांदेडचा असतो, तुमच्या तालुक्याचाही निघतो, आणि कुणी दोन शब्द विचारले की त्याचा चेहरा फुलतो. बाहेर फुटपाथवरही चित्रं मांडलेली असतात, ती चुकवू नका. आतलं समोवार हे उपाहारगृह मात्र २०१५ साली बंद झालं. तिथल्या चहावर किती चित्रकारांनी दुपारी काढल्या! शहरात बसून गप्पा मारण्याच्या स्वस्त जागा राहिल्या नाहीत, आणि माझं ठाम मत आहे की चित्रकला त्याने गरीब होते.

जहांगीरसमोर राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. इमारत १९११ सालची, सभागृह होतं ते. १९९६ पासून संग्रहालय. सोमवारी बंद असतं. वर वर चढत जायचं आणि शेवटी घुमटाखाली पोचायचं.

तिथून फोर्टमधली केमोल्ड गॅलरी. तिची कथा मला आवडते, कारण ती चित्राच्या चौकटीतून सुरू होते. केकू गांधी यांचा चौकटींचा धंदा होता, आणि दुकानाच्या काचेत ते तेव्हाच्या तरुण चित्रकारांची चित्रं लावत. त्यातून १९६३ साली जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी झाली, २००७ मध्ये ती प्रेस्कॉट रोडला आली. ते तरुण कोण, तर १९४७ साली एकत्र आलेल्या कलावंतांच्या प्रोग्रेसिव्ह गटातले. सहा जण: हुसेन पंढरपूरला जन्मलेले, सूझा गोव्यातल्या साळगावचे, गाडे विदर्भातले, शिवाय रझा, आरा आणि बाकरे. हुसेन सिनेमाची पोस्टरं रंगवत. आज ज्यांच्या चित्रांची किंमत वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येते, ती माणसं अशी आपल्या गावांतून आली होती.

म्हणून पालकांना हात जोडून सांगते. मुलांनी एलिमेंटरी, इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या, दहावीला वाढीव गुण मिळाले, की रंगपेटी माळ्यावर टाकू नका. त्या आठवड्यात त्यांना घेऊन या. शाळेतली वही बरोबर असू द्या. गॅलरीत पेन्सिलने रेखाटन करायला सहसा हरकत नसते, फक्त आधी विचारा.

पायांत बळ असेल तर पुढे कुलाबा. जुन्या इमारतींत गॅलऱ्या आहेत, काही जिने चढून जायच्या, एकीत तर पूर्वी छापखाना होता. वेगळा दिवस मिळाला तर भायखळ्याच्या राणीबागेतलं भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ सालचं, बुधवारी बंद. जुन्या मातीच्या बाहुल्या आणि पितळी भांडी यांच्या शेजारी आजच्या चित्रकारांचं काम तिथे लावतात, आणि दोन्ही एकमेकांना उजळतात.

एरवी बऱ्याच गॅलऱ्या रविवारी बंद असतात. मेळ्याच्या आठवड्यात काही उघड्या राहतात, तरी निघण्यापूर्वी फोन करून विचारा. जमलं तर मेळा सुरू होण्याच्या एक-दोन दिवस आधी दुपारी जा. खोके उघडत असतात, भिंतीवर पेन्सिलच्या खुणा असतात. टांगणाऱ्या माणसाला विचारा, चित्राची पाठ दाखवता का. मी आजही विचारते. दहातले सहा-सात जण दाखवतात.

जिने अरुंद आहेत, कठडा धरून चढा. बेल बहुतेक ठिकाणी दाराच्या उजव्या हाताला असते.

नमस्कार.