निकी लाउडा : अर्ध्या गुणाचा जगज्जेता

[दृश्य: काचेचं रिकामं कपाट. कॅमेरा सावकाश मागे येतो.]

रेसिंग ड्रायव्हरवर फिल्म करायची म्हटली की पहिलं दृश्य ठरलेलं असतं. काचेचं कपाट, ओळीने मांडलेले चषक, त्यावर पडलेला पिवळा उजेड. निकी लाउडाच्या बाबतीत ती सोय नाही. तीन वेळा फॉर्म्युला वनचा जगज्जेता झालेल्या या माणसाने मिळालेले चषक घराजवळच्या गॅरेजवाल्याला देऊन टाकले. बदल्यात काय मागितलं? गाडी फुकट धुऊन द्यायची.

चषक घरात धूळ खाणार, गाडी मात्र रोज लागणार. सौदा फायद्याचाच होता.

लाउडाची कारकीर्द अशीच बघायची. कपाट बाजूला ठेवून, त्याने केलेले सौदे आणि हिशोब बघत.

[दृश्य: व्हिएन्ना, कृष्णधवल.]

जन्म २२ फेब्रुवारी १९४९, व्हिएन्ना. घर गर्भश्रीमंत. आजोबा हान्स लाउडा म्हणजे ऑस्ट्रियाच्या उद्योगजगतातलं बडं प्रस्थ. नातवाने कारखाना सांभाळावा, गाड्या उडवत फिरू नये, असं त्यांचं स्पष्ट मत. त्यामुळे घरातून एक पैसा मिळाला नाही. उलट एका बँकेशी प्रायोजकत्वाचं जमत आलं होतं, तर आजोबांनी आपलं वजन वापरून ते मोडून टाकलं. नातू दुसऱ्या बँकेत गेला. आयुर्विम्याची पॉलिसी तारण ठेवून कर्ज काढलं आणि मार्च संघात जागा विकत घेतली. १९७१ साली ऑस्ट्रियात, मायदेशातच, त्याची फॉर्म्युला वनमधली पहिली शर्यत झाली.

पुढचं वर्ष कोरडं गेलं. एकही गुण नाही, डोक्यावर कर्ज. अशा वेळी बहुतेक जण कानाला खडा लावतात. याने आणखी कर्ज काढून बीआरएम संघात जागा मिळवली. १९७३ मध्ये बेल्जियममधल्या झोल्डरला पाचवा आला. कारकिर्दीतले पहिले दोन गुण. तेवढ्यात बीआरएममधला त्याचा सहकारी क्ले रेगाझोनी पुन्हा फेरारीकडे निघाला होता. त्याने फेरारीचा मालक एन्झो फेरारीच्या कानावर घातलं, हा पोरगा बघण्यासारखा आहे.

[दृश्य: फियोरानो, फेरारीचा चाचणी ट्रॅक.]

इथला एक प्रसंग लाउडा स्वतः पुढे अनेकदा सांगायचा. फेरारीत आल्यावर त्याने पहिल्यांदा गाडी चालवून पाहिली. मग एन्झोसमोर उभं केलं गेलं. एन्झोला इंग्रजी येत नाही, लाउडाला तेव्हा इटालियन येत नाही, आणि मध्ये दुभाषा म्हणून एन्झोचा मुलगा पिएरो. गाडी कशी वाटली? लाउडाने सरळ सांगितलं, गाडी भिकार आहे. पिएरो हादरला. असं बोलता येत नाही, म्हणाला. मग जरा मऊ भाषेत, गाडीचं पुढचं टोक वळणावर नीट वळत नाही, असं सांगण्यात आलं. ते दुरुस्त केलं तर किती वेळ वाचेल? अर्धा सेकंद, लाउडा म्हणाला. एन्झोने मुदत दिली, एक आठवडा. अर्धा सेकंद सापडला नाही तर नोकरी गेली.

इंजिनियर माउरो फोर्गिएरी आणि लाउडा गाडीवर कामाला बसले आणि सापडला तो अर्धा सेकंद.

लाउडाचा खरा गुण इथे दिसतो. त्याच्याहून धाडसी ड्रायव्हर त्या काळात होते. पण गाडीत बसल्यावर पाठीला आणि बुडाला काय जाणवलं, हे इंजिनियरला समजेल अशा भाषेत सांगणारे थोडे. तासन्‌तास एकट्याने चाचणीच्या फेऱ्या मारायचा त्याला कंटाळा नव्हता. १९७४ मध्ये स्पेनला, हारामा ट्रॅकवर, पहिला विजय मिळाला. त्याच हंगामात तो नऊ वेळा पोल पोझिशनवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत पहिल्या जागेवर, होता.

१९७५ मध्ये फेरारीने ३१२टी आणली. तिचा गिअरबॉक्स आडवा बसवलेला, त्यामुळे वजन गाडीच्या मध्यावर आलं. त्या वर्षी पाच विजय. इटलीतल्या मोंझाला, फेरारीच्या घरच्या गर्दीसमोर, तिसरा क्रमांक त्याला पुरला आणि तो जगज्जेता झाला. जॉन सर्टीसनंतर, म्हणजे १९६४ नंतर, फेरारीच्या ड्रायव्हरला हा मान पहिल्यांदाच मिळत होता.

त्याच उन्हाळ्यात जर्मनीतल्या नूर्बर्गरिंगवर त्याने पात्रता फेरीत ६ मिनिटं ५८.६ सेकंदांची फेरी मारली. जवळपास २२.८ किलोमीटरचा ट्रॅक, जंगलातून चढत-उतरत जाणारा. सात मिनिटांच्या आत तो पूर्ण करणारा लाउडा पहिला. हे लक्षात ठेवा. कारण पुढच्या वर्षी याच ट्रॅकवर शर्यत नको, असं सगळ्यात मोठ्याने म्हणणाराही तोच होता. इतक्या लांबच्या ट्रॅकवर आग लागली तर बंब आणि डॉक्टर वेळेत पोचणार कसे, हा त्याचा साधा प्रश्न होता. बाकीच्या ड्रायव्हरांनी बहुमताने शर्यत घ्यायची ठरवलं.

[दृश्य: १ ऑगस्ट १९७६. हौशी कॅमेऱ्यावरचं हलतं चित्रण. आवाज नाही.]

ट्रॅक काही ठिकाणी ओला, काही ठिकाणी सुका. पहिल्या फेरीनंतर लाउडाने पावसाचे टायर बदलून सुक्या ट्रॅकचे घातले. दुसऱ्या फेरीत, बर्गवेर्क नावाच्या वळणाआधी, गाडी उजवीकडच्या बांधावर आदळली, पेटली आणि जळत-जळत पुन्हा रस्त्यावर आली. मागून येणाऱ्या ब्रेट लंगरची गाडी तिच्यावर धडकली. लाउडाचं हेल्मेट डोक्यावरून निघून गेलं होतं.

बंब आला नव्हता. लंगर, गाय एडवर्ड्स, हाराल्ड एर्टल आणि आर्तुरो मर्झारिओ, म्हणजे शर्यतीतलेच ड्रायव्हर, आगीपाशी धावले. मर्झारिओने आत हात घालून पट्टा सोडवला. याच मर्झारिओची फेरारीतली जागा १९७४ मध्ये लाउडा आणि रेगाझोनी आल्यावर गेली होती.

चेहरा भाजला, उजवा कान बराचसा गेला. पण डॉक्टरांना घोर होता तो फुप्फुसांचा. जळत्या प्लास्टिकचा विषारी धूर आत गेला होता. रुग्णालयात पाद्री येऊन शेवटचे संस्कारही करून गेला.

त्यानंतर बेचाळीस दिवस.

[दृश्य: मोंझा, १२ सप्टेंबर १९७६. पांढरी पट्टी, तिच्यावरून सावकाश चढवलं जाणारं हेल्मेट.]

हेल्मेट घालताना जखमा सोलल्या जात होत्या. काढताना पट्टीला रक्त लागलेलं असायचं. फेरारीने त्याच्या जागी कार्लोस रॉयटमनला आणूनही ठेवलं होतं. लोकांना लाउडाचं हे पुनरागमन पोलादी वाटलं. तो स्वतः मात्र नंतर म्हणाला की मोंझाला पहिल्या सरावात भीतीने त्याचे हातपाय गळाले होते. मग त्याने ठरवलं, आधी सावकाश चालवायचं, वेग आपोआप येईल. शर्यतीत तो चौथा आला.

आता जपानमधलं फुजी. २४ ऑक्टोबर, हंगामातली शेवटची शर्यत. लाउडाचे ६८ गुण, विजेतेपदासाठी त्याच्याशी झुंजणाऱ्या जेम्स हंटचे ६५. पाऊस कोसळतोय, ट्रॅकवर पाण्याच्या चिळकांड्या, पुढची गाडी दिसत नाही. भाजलेल्या पापण्या अजून नीट मिटत नव्हत्या. दोन फेऱ्या झाल्या आणि लाल फेरारी पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकशेजारच्या संघांच्या जागेत, आली.

फोर्गिएरी वाकून म्हणाला, इंजिन बिघडलं असं सांगू का?

लाउडा नको म्हणाला. या पावसात गाडी चालवणं वेडेपणा आहे, म्हणून थांबलो, हेच सांगा. निकालाची वाट न बघता तो विमानतळाच्या रस्त्याला लागला. हंटचा टायर खराब झाला, तो मागे पडला, पुन्हा वर आला आणि तिसरा आला. चार गुण. ६९ विरुद्ध ६८.

इटलीतल्या वर्तमानपत्रांनी त्याला भित्रा ठरवलं. त्याच पावसात एमर्सन फित्तिपाल्दी, कार्लोस पाचे आणि लॅरी पर्किन्स यांनीही गाड्या उभ्या केल्या होत्या, ते कुणी फारसं बोललं नाही. माझ्या मते लाउडाच्या कारकिर्दीतली सगळ्यात कठीण गोष्ट मोंझाचा चौथा क्रमांक नाही, तर फुजीला नाकारलेली ती इंजिनाची सबब आहे. अब्रू वाचवायची आयती सोय समोर होती आणि त्याने ती घेतली नाही.

फेरारीचा त्याच्यावरचा विश्वास मात्र उडाला. त्याचं उत्तर लाउडाने ट्रॅकवर दिलं. १९७७ मध्ये तीन विजय, बाकी ठिकाणी जमेल तेवढे गुण गोळा करत राहिला. अमेरिकेतल्या वॉटकिन्स ग्लेनला चौथा येऊन दुसऱ्यांदा जगज्जेता झाला. हंगामातल्या दोन शर्यती बाकी होत्या. काम झालं, आता चाललो, म्हणत तो फेरारी सोडून निघून गेला.

[दृश्य: ब्रॅबमची गाडी, मागच्या बाजूला मोठा पंखा.]

बर्नी एकलस्टोनच्या ब्रॅबम संघात दोन वर्षं. त्यातली ही गंमत बघा. १९७८, स्वीडन. गॉर्डन मरेने गाडीच्या मागे पंखा बसवला. इंजिन थंड ठेवायला, असं कागदोपत्री कारण. प्रत्यक्षात पंखा गाडीखालची हवा ओढून घ्यायचा आणि गाडी रस्त्याला चिकटून राहायची. लाउडा जिंकला. पंखेवाली गाडी पुन्हा कधी शर्यतीत दिसली नाही.

१९७९, माँट्रियल. शुक्रवारचा सराव चालू असताना लाउडा गाडीतून उतरला आणि निवृत्त झाला. गोल-गोल फिरायचा कंटाळा आला, एवढंच कारण. त्याला आता विमानकंपनी चालवायची होती, लाउडा एअर.

विमानं पैसा खातात. १९८२ मध्ये तो मॅकलारेनमधून परतला आणि पहिल्या शर्यतीआधीच त्याने गोंधळ उडवून दिला. ड्रायव्हरांना सही करायला आलेला परवान्याचा कागद त्याने नीट वाचला. त्यातलं एक कलम ड्रायव्हरला संघाशी बांधून टाकत होतं. सही करायची नाही, असं ठरलं. दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला ड्रायव्हर बसमध्ये बसून थेट हॉटेलात गेले. रात्री एका हॉलमध्ये जमिनीवर गाद्या टाकून झोपले. कुणी आत येऊ नये म्हणून दाराला पियानो लावला. दिवसा तोच पियानो जिल व्हिलनव्ह आणि एलिओ दे आंजेलिस वाजवत होते. जगातले सगळ्यात वेगवान लोक, आणि सहलीला आलेल्या पोरांसारखे गाद्यांवर लोळतायत!

हंगामातल्या तिसऱ्याच शर्यतीत, लाँग बीचला, लाउडा जिंकला.

[दृश्य: १९८४, लाल-पांढरी मॅकलारेन.]

मग आलं १९८४. मॅकलारेनमध्ये सहकारी आलँ प्रॉस्ट, लाउडापेक्षा सहा वर्षांनी लहान आणि एका फेरीत त्याच्यापेक्षा वेगवान. वेगात याला गाठता येणार नाही, हे लाउडाने लवकर ओळखलं. पात्रता फेरीतली चढाओढ त्याने सोडून दिली. लक्ष दिलं ते रविवारच्या शर्यतीवर.

ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियात तो पुढे असताना चौथा गिअर आवाज करून तुटला. संपलं म्हणून त्याने हात वर केला, बाजूला व्हायला निघाला. मग बघतो तर बाकीचे गिअर लागतायत. चौथा वगळून तो चालवत राहिला. मागच्या नेल्सन पिकेला वाटलं, हा मुद्दाम सावकाश जातोय, गाडी जपतोय. त्याने जोर लावलाच नाही. मायदेशातली शर्यत जिंकणारा लाउडा पहिला ऑस्ट्रियन ठरला. तुटक्या गिअरबॉक्सवर!

शेवटची शर्यत पोर्तुगालला, एस्टोरिलमध्ये. प्रॉस्ट जिंकला तरी लाउडाला दुसरा क्रमांक पुरणार होता. पण त्याची सुरुवातच अकराव्या जागेवरून. एकेकाला मागे टाकत तो तिसरा झाला आणि तिथे घोडं अडलं. दुसऱ्या क्रमांकावरचा नायजेल मॅन्सेल फार पुढे होता. बावन्नाव्या फेरीत मॅन्सेलच्या ब्रेकनी दगा दिला. लाउडा दुसरा.

प्रॉस्टचे सात विजय, लाउडाचे पाच. प्रॉस्ट ७१.५ गुण, लाउडा ७२.

हा अर्धा कुठून आला? जूनमध्ये मोनाकोला मुसळधार पावसामुळे शर्यत ३१ फेऱ्यांनंतर थांबवली, म्हणून सगळ्यांना निम्मे गुण. प्रॉस्ट पहिला होता, त्याला नऊऐवजी साडेचार मिळाले. शर्यत पुरी होऊन तो दुसरा आला असता तरी सहा मिळाले असते आणि विजेतेपद त्याचं झालं असतं. लाउडा त्या दिवशी गिरकी खाऊन आधीच बाहेर पडला होता. पावसाने १९७६ मध्ये घेतलेला एक गुण आठ वर्षांनी अर्धा का होईना, परत दिला.

फेरारी आणि मॅकलारेन, दोन्ही संघांतून जगज्जेता झालेला ड्रायव्हर आजही तो एकटाच.

[दृश्य: झँडव्होर्ट, १९८५.]

पंचविसावा आणि शेवटचा विजय हॉलंडला, झँडव्होर्टमध्ये. मागे प्रॉस्ट, अंतर पाव सेकंदाहूनही कमी. ॲडलेडच्या शेवटच्या शर्यतीत तो पुढे असताना ब्रेक गेले आणि गाडी भिंतीला लागली. या वेळी निवृत्ती कायमची.

[दृश्य: शांतता. झाडांचा शेंडा.]

२६ मे १९९१. बँकॉकहून व्हिएन्नाला निघालेलं लाउडा एअरचं बोइंग ७६७ थायलंडच्या जंगलात कोसळलं. २२३ माणसं गेली, कुणीच वाचलं नाही. उतरल्यावर वेग कमी करायला वापरतात तो इंजिनाचा थ्रस्ट रिव्हर्सर हवेतच उघडला होता. लाउडा अवशेषांमधून फिरला. मग सिएटलला जाऊन सिम्युलेटरवर तोच प्रसंग पुन्हा-पुन्हा करून पाहिला. वैमानिकांना विमान वाचवणं शक्यच नव्हतं, हे जाहीरपणे कबूल करून घेईपर्यंत त्याने बोइंगचा पिच्छा सोडला नाही.

२०१२ मध्ये तो मर्सिडीज संघाचा अध्यक्ष झाला. लुईस हॅमिल्टनला मॅकलारेनमधून इकडे आणण्यात त्याचा हात होता. २०१४ ते २०१८, सलग पाच वर्षं, ड्रायव्हरचं आणि संघाचं, दोन्ही विश्वविजेतेपदं मर्सिडीजची. पिटच्या भिंतीपाशी तो लाल टोपी घालून उभा असायचा. भाजल्याच्या खुणा झाकायला ती टोपी अपघातानंतर डोक्यावर आली होती. तिच्यावरची जागा त्याने जाहिरातीला विकली, हे वेगळं सांगायला नकोच.

२० मे २०१९ रोजी तो गेला. सहा दिवसांनी मोनाकोची शर्यत होती. २६ मे.

[दृश्य: मोनाको. मर्सिडीजच्या गाडीवरचा लाल हॅलो.]

ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची हॅलोची संरक्षक कडी मर्सिडीजने लाल रंगवली. हॅमिल्टनच्या डोक्यावर लाउडाच्या जुन्या हेल्मेटची रंगसंगती. अर्धी शर्यत व्हायच्या आत त्याचे टायर झिजायला लागले. मागे मॅक्स व्हर्स्टापेन अगदी चिकटलेला. रेडिओवर हॅमिल्टन सारखा कुरकुरत होता, हे टायर शेवटपर्यंत टिकणार नाहीत. पिटमध्ये यावं तर जागा जाणार. तो आला नाही. वळणं सांभाळून घेत, टायर पुरवून-पुरवून वापरत, एकेक फेरी काढत राहिला आणि पहिला आला.