मागे तीनच घरं

ही कालच्या बुद्धिबळाच्या डावाची स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहायचा कागद. वरच्या चाली सुवाच्य, खालच्या लागतच नाहीत. घड्याळ अंगावर आलं की अक्षर असं होतं.

काळी मोहरी काकांची, बँकेतून निवृत्त. पांढरी या बारा वर्षांच्या मुलीची. आज सदाशिव पेठेत, काकांच्या दिवाणावर तोच डाव पुन्हा मांडलाय. मोबाइल उशीखाली. त्यातलं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, क्षणात उत्तर देईल. पण काका म्हणतात, "उत्तर नकोय, माझं डोकं कुठे फिरलं ते बघायचंय." आम्हालाही ते पटतं.

२०२४ मध्ये बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये भारतीय महिलांनी सुवर्ण जिंकलं, तेव्हा संघाचे कर्णधार पुण्याचेच अभिजित कुंटे होते. ते डाव अभ्यासायला सगळे बसतात. असा हौशी डाव मात्र टेबलावरून उठताच विसरला जातो. चुका तर इथेच आपल्यासारख्या असतात!

बघा. वजीर, हत्ती सगळे गेलेत. एकच पांढरं प्यादं, ई६ वर (अक्षर उभ्या रांगेचं, आकडा आडव्या). त्याच्या मागे ई५ ला पांढरा राजा, पुढे ई७ ला काळा. चाल काळ्याची. जायला मागची तीनच घरं: डी८, ई८, एफ८.

काकांचं बोट ई८ वर जातं, थबकतं, परत येतं.

काल ते डी८ ला गेले. हिचा राजा लगेच डी६ ला, समोरासमोर. काळा ई८ ला सरकला, प्यादं ई७ ला आलं. काळ्याला एफ७ शिवाय घर नाही, आणि पांढरा राजा डी७ ला. आता प्याद्याचा वजीर होणारच.

मग सरळ मागे, ई८? पांढरा डी६, तर काळा डी८. प्यादं ई७, शह. काळा परत ई८. आता प्यादं राखायचं तर हिला राजा ई६ लाच आणावा लागतो, आणि काळ्याला चालच उरत नाही. बरोबरी. दुसरीकडे नेला, तर प्यादं जातं.

"काका, मला हे माहीतच नव्हतं. मी नुसती ढकलत होते."

काकांचा अर्धा गुण गेला, बक्षीसही हुकलं.

काका राजा उचलून पुन्हा ई७ वर ठेवतात. पट फिरवतात.

"चल, आता काळी तुझी."