अर्धवट चालू ट्रान्झिस्टर जास्त तापतो

हा ट्रान्झिस्टर बघा, पूर्ण चालू आहे, त्यातून जवळपास 1 अँपिअर करंट जातोय आणि बोट ठेवलं तर जेमतेम कोमट लागतो. आता बेसचा (ट्रान्झिस्टर कमी-जास्त चालू करणारा पाय) करंट उतरवत लोडचा (ज्याला वीज पुरवतोय ती वस्तू) करंट बरोबर निम्म्यावर आणू. निम्मा करंट म्हणजे गरमही कमी, असंच वाटतं ना? बोट तेवढं लांब ठेवा.

हिशोब सोपाय. कलेक्टर-एमिटरमध्ये (मोठा करंट ज्यांतून जातो ते दोन पाय) जेवढे व्होल्ट उरतात त्याला करंटने गुणायचं, की वॅट आले. सप्लाय 12 व्होल्ट, लोड 12 ओहम. पूर्ण चालू असताना ट्रान्झिस्टरवर 0.3 व्होल्ट उरले तर 0.3 वॅट, निम्म्यावर आणला की 6 व्होल्ट गुणिले अर्धा अँपिअर, 3 वॅट, म्हणजे दहापट! पूर्ण बंद केला की जवळपास शून्य. म्हणून मोटरचा स्पीड कमी-जास्त करायला पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद करणं) वापरतात, एकतर चालू नाहीतर बंद, मधे रेंगाळायचंच नाही.

आणि डेटाशीटवरच्या (कंपनीचं माहितीपत्रक) मोठ्या आकड्याला भुलू नका. टीआयपी31 या ट्रान्झिस्टरच्या डेटाशीटवर 40 वॅट लिहिलंय खरं, पण ते केस (बाहेरचं कवच) 25 डिग्रीवर धरून ठेवली तर, हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) नुसता हवेत ठेवलात तर फक्त 2 वॅट. बरेच ट्रान्झिस्टर इथेच जातात.

पण व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या रेग्युलेटरसारख्या ठिकाणी त्याला मधेच राहावं लागतं, मग काय? 12 चे 5 व्होल्ट करायचेत, करंट 1 अँपिअर, म्हणजे 7 वॅट एकट्याच्या डोक्यावर. कलेक्टरला सिरीजमध्ये 4 ओहमचा रेझिस्टर टाका (10 वॅटचा घ्या, छोटा नको), 4 वॅट तो खाईल, ट्रान्झिस्टरला उरले 3. गंमत म्हणजे करंट कमी केला तरी ट्रान्झिस्टरवर 3.1 वॅटच्या वर जात नाही, आणि रेझिस्टरला तापायचं काही वाटत नाही, त्याचं कामच ते.

ट्रान्झिस्टरचं तसं नाही. तो तापला की बेस-एमिटर व्होल्टेज डिग्रीमागे साधारण 2 मिलिव्होल्ट घसरतं, बेसचं व्होल्टेज फिक्स असेल तर करंट वाढतो, करंट वाढला की अजून तापतो, हाच थर्मल रनअवे. एमिटरला छोटा रेझिस्टर लावला की वाढलेला करंट त्याच्यावर व्होल्ट पाडतो आणि स्वतःलाच मागे खेचतो. शिवाय रेझिस्टर असे निवडा की ट्रान्झिस्टरवर सप्लायच्या निम्म्यापेक्षा कमी व्होल्ट राहतील, मग करंट वाढला तरी व्होल्ट त्याहून जोरात पडतात, आणि वॅट उलटे कमी होतात.