अंथरुणातले तास कमी करा

(चोपडा येथे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, मे महिन्यात जळगाव-भुसावळकडच्या माणसाने झोप येत नाही म्हणून तक्रार केली, तर मी त्याला लगेच पेशंट म्हणत नाही. झोप लागायला शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. रात्री अकरालाही भिंतीला हात लावला तर चटका बसतो, तिथे ते उतरणार कसं? आपल्याकडे पूर्वी लोक धाब्यावर अंथरुणं टाकायचे, ते योग्यच होतं.

मी बोलतोय ते दिवाळी झाली, थंडी पडली, तरी ‘डोयाले डोया लागत नही’ म्हणणाऱ्यांबद्दल. आठवड्यात निदान तीन रात्री, निदान तीन महिने, झोपायला वेळ आणि जागा असूनही झोप नाही आणि दिवसा त्याचा त्रास आहे, तर तो जुनाट निद्रानाश.

यावलकडच्या एका केळी बागायतदाराची गोष्ट सांगतो, ओळख लागणार नाही इतपत बदलून. जूनच्या वादळात उभी बाग आडवी झाली, डोक्यावर पीककर्ज. झोप उडाली. उडणारच, त्यात आजार कसला? पुढे नवी बाग उभी राहिली, कर्ज फिटलं, पण झोप काही परतली नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये याची उकल मांडली. काहींचा स्वभावच हलक्या झोपेचा असतो, मग एखादं संकट झोप मोडतं आणि त्यानंतर आपण झोप भरून काढायला जे उपाय करतो, तेच निद्रानाश टिकवून धरतात. आमचे हे भाऊ रात्री जेवून नऊलाच आडवे व्हायचे, ‘पडून तरी राहू’ म्हणून. दुपारी खाटेवर तासभर डुलकी. ती सुस्ती घालवायला संध्याकाळी दोन कप चहा. आणि रात्री मेडिकलवाल्याच्या ओळखीने मिळालेली अर्धी गोळी.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं, त्यातून झोपेची ओढ तयार होते. दुपारच्या डुलकीत ती खर्च होते. पंगतीला बसायच्या आधी वाडगाभर भत्ता खाल्ल्यावर भूक कुठून लागणार? चहातलं कॅफिन ही ओढ जाणवूच देत नाही आणि साधारण पाच तासांनीही त्यातलं निम्मं शरीरात उरलेलं असतं.

त्यांना मी शाळेची शंभरपानी वही आणायला सांगितली. कधी आडवे झालात, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा जाग आली, कधी उठलात, एवढंच लिहायचं. दोन आठवड्यांनी हिशेब निघाला: अंथरुणात नऊ तास, झोप साडेपाच. म्हटलं, आता बारा वाजेपर्यंत पाठ टेकायची नाही आणि साडेपाचला उठायचंच, झोप लागो न लागो. सोबत आलेल्या काकू माझ्याकडे संशयाने पाहत होत्या. झोप नाही म्हणून आलेल्या माणसाला डॉक्टर जागायला सांगतोय! पहिला आठवडा अवघड जातो, हे मी लपवत नाही. मग झोप एकसंध व्हायला लागते. अंथरुणातल्या वेळापैकी पंच्याऐंशी टक्के वेळ झोपेत जायला लागला की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायची.

दुसरा नियम अमेरिकेतलेच मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांचा, १९७२ सालचा. वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं, तर उठायचं. अंथरुणात कूस बदलत चिंता करत राहिलं, तर मेंदू अंथरुणालाच चिंतेची जागा समजायला लागतो. दोन खोल्यांचं घर असेल तर ओट्यावर बसा, मंद दिवा असू द्या, मोबाइल आत राहू द्या. डोळे जड झाले की परत या.

या सगळ्याला सीबीटी-आय म्हणतात, म्हणजे विचार आणि सवयी बदलून निद्रानाशावर केलेला उपचार. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये जुनाट निद्रानाशावरचा पहिला उपचार म्हणून हाच सांगितला, गोळ्या नंतर. आपल्याकडे क्रम उलटा आहे, कारण गोळी लिहायला मिनिट लागतं. अल्प्राझोलामसारख्या गोळीची सवय लागते आणि म्हातारपणी तोल जाऊन खुब्याचं हाड मोडतं. पण इथून घरी जाऊन गोळ्या फेकून देऊ नका! एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते. डॉक्टरच्या देखरेखीखाली, हळूहळू कमी करायच्या.

तास कमी करण्याचा उपाय सगळ्यांसाठी नाही. फिट्स, बायपोलर आजार, रात्री ट्रक किंवा दिवसा मोटारसायकलवर लांब पल्ला, अशांनी स्वतःच्या मनाने करू नये. जोरात घोरणाऱ्या, मध्येच श्वास अडकणाऱ्या माणसाची तपासणी वेगळी. पायांत वळवळ होऊन झोप मोडत असेल तर रक्तातलं लोह बघायला हवं. मन उदास असेल तर तेही सांगा, लाजू नका.

(श्रोत्यांतून प्रश्न: रात्रीच्या लाइटीवर मोटार चालू करायला जावं लागतं, मग काय करायचं?)

हा निद्रानाश नाही, भाऊ, ही वीजपुरवठ्याची पाळी आहे. रात्रीची लाइट असेल त्या आठवड्यात शेतातून आल्यावर खोली अंधारी करून सलग झोपा, घरच्यांना सांगून ठेवा. त्या झोपेला मी डुलकी धरत नाही.

(प्रश्न: वहीत वेळ लिहायला रात्री घड्याळ बघावं लागेल ना?)

नाही. घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा. वही सकाळी चहा झाल्यावर भरायची, अंदाजाने. दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे झाली तरी माझं काम चालतं.