फोनच्या या टोकाला बॉब न्यूहार्ट

नमस्कार श्रोतेहो.

आज एका हिशेबनिसाची गोष्ट सांगते. शिकागोतल्या एका ऑफिसात तो किरकोळ रोकड सांभाळायचा. संध्याकाळी रोकड जुळवायला बसलं की ती काही जुळायची नाही. कधी दोन नाणी कमी, कधी दोन जास्त. सगळे घरी गेले तरी हा आपला वह्या उघडून बसलेला. शेवटी त्यानं उपाय शोधला. कमी पडले तर स्वतःच्या खिशातून टाकायचे, जास्त निघाले तर खिशात टाकायचे. साहेब म्हणाले, अहो, हे हिशेबशास्त्रात बसत नाही. तो म्हणाला, दोन नाणी शोधायला मला तासन्‌तास पगार देता, त्यापेक्षा हे स्वस्त पडेल.

हा हिशेबनीस म्हणजे पुढे अमेरिकेत गाजलेला विनोदवीर बॉब न्यूहार्ट. जन्म १९२९ चा, शिकागोला लागून असलेल्या ओक पार्कचा. पुढे तो बेकारभत्ता देणाऱ्या कचेरीत कारकून झाला. तिथे त्याच्या लक्षात आलं की खिडकीच्या पलीकडे उभ्या असलेल्या माणसाला आपल्यापेक्षा थोडेच पैसे कमी मिळतात, आणि त्याला आठवड्यातून एकदाच यावं लागतं! त्यानं ती नोकरीही सोडली.

ऑफिसचा कंटाळा घालवायला बॉब आणि त्याचा एक मित्र फोनवर एकमेकांची फिरकी घेत. ते संवाद टेप करून रेडिओ केंद्रांना विकायचा प्रयत्नही त्यांनी केला. मग मित्राला दुसरीकडे नोकरी लागली. मित्र गेला आणि फोन उरला. बॉब एकट्यानंच बोलायला लागला. लक्षात घ्या, पलीकडचा आवाज ऐकूच येत नाही. प्रसिद्धी सांभाळणारा एक माणूस अब्राहम लिंकनला फोनवर समजावतोय, की दाढी काढू नका, भाषणात फेरफार करू नका. लिंकन काय म्हणाला ते आपण ऐकत नाही. ते आपणच मनात रचतो. अर्धा विनोद तो करतो, उरलेला अर्धा आपण.

त्यासाठी तो थांबायचा. बोलता बोलता थोडा अडखळायचा आणि थांबायचा. एकदा मालिकेचा एक भाग लांबला, तेव्हा निर्माता म्हणाला, जरा अडखळणं कमी कर ना. बॉब म्हणाला, या अडखळण्यावरच माझं बेव्हर्ली हिल्समधलं घर उभं आहे. आम्हा रेडिओवाल्यांना शांततेची फार भीती वाटते, हे मी इथंच सांगून टाकते. हल्ली निवेदक दोन वाक्यांत श्वासाएवढीही जागा ठेवत नाहीत, आणि मला ते मनापासून खुपतं. ऐकणाऱ्याला कल्पना करायला वेळ नको का? असो.

त्याच्या टेप वॉर्नर ब्रदर्सच्या रेकॉर्ड कंपनीपर्यंत पोचल्या. ते म्हणाले, तुमच्या पुढच्या नाइटक्लबच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण करू. अडचण अशी की तोवर बॉबनं नाइटक्लबमध्ये एकही कार्यक्रम केलेला नव्हता! मग त्याच्यासाठी क्लब शोधला गेला. फेब्रुवारी १९६० मध्ये ह्यूस्टनला तो पहिल्यांदा क्लबच्या मंचावर उभा राहिला आणि तेच बोलणं रेकॉर्डवर आलं. ती रेकॉर्ड खपाच्या यादीत पहिली आली. पुढच्या वर्षी गाण्यांच्या रेकॉर्ड मागे टाकून तिनं वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी, म्हणजे रेकॉर्डसाठीचं मोठं पारितोषिक, पटकावलं.

मग टीव्ही. पहिली गाजलेली मालिका १९७२ ते १९७८, ‘द बॉब न्यूहार्ट शो’. त्यात तो शिकागोचा मानसशास्त्रज्ञ. म्हणजे पुन्हा काम काय, तर लोकांचं ऐकायचं! बायको एमिली, ती भूमिका सुझॅन प्लेशेटची. त्यानं अट घातली होती, की मालिकेत मुलं नकोत. बाबा मठ्ठ आणि पोरं शहाणी, असली मालिका मला करायची नाही. किती योग्य बोलला! घरातल्या बापाला बावळट दाखवून हसवणं ही आळशी लेखणी आहे, असं माझं ठाम मत आहे. पुढे लेखकांनी एमिलीला दिवस गेल्याची संहिता आणली. बॉबनं ती शांतपणे वाचली आणि म्हणाला, छान विनोदी आहे. माझ्या भूमिकेत कोणाला घेताय?

दुसरी मालिका १९८२ ते १९९०, ‘न्यूहार्ट’. आता तो व्हर्मॉन्ट राज्यातल्या एका जुन्या पांथशाळेचा मालक. इथली बायको जोआना, ती भूमिका मेरी फ्रॅनची. म्हणजे दोन मालिका, दोन गावं आणि दोन बायका. हे नीट ध्यानात ठेवा, कारण मला जो किस्सा सांगायचा आहे तो याच्यावरच उभा आहे.

आठ वर्षं झाली. मालिका संपवायची, पण कशी? बॉबची पत्नी जिनी म्हणाली, तू झोपेतून जागा हो, शेजारी सुझॅन असू दे, आणि तिला सांग की मला एक विचित्र स्वप्न पडलं. या शेवटाचं श्रेय बॉब नेहमी जिनीलाच देत आला. सुझॅनला विचारलं, तर ती एका पायावर तयार!

आता गुपित राखायचं होतं. संहितेत मुद्दाम खोटा शेवट लिहिला, म्हणजे कोणी फोडलाच तर खोटाच फुटेल. सुझॅनला कोणाच्या नजरेस पडू न देता स्टुडिओत आणलं. जुन्या मालिकेतल्या बेडरूमचा सेट पुन्हा उभारला आणि झाकून ठेवला. समोर खरे प्रेक्षक बसलेले, त्यांना कसलाच पत्ता नाही.

भाग सुरू झाला. एक जपानी उद्योगपती गोल्फचं मैदान करण्यासाठी सगळं गाव विकत घेतो. सगळे गाव सोडून जातात, बॉब तेवढा हटत नाही. पाच वर्षांनी गावकरी भेटायला येतात आणि एकच गोंधळ उडतो. त्यातले दोन भाऊ आठ वर्षांत एक शब्द बोललेले नव्हते, ते दोघं एकदम ओरडतात, गप्प बसा! बॉब वैतागून बाहेर पडतो. तेवढ्यात गोल्फचा एक चेंडू येतो आणि थेट त्याच्या डोक्यात बसतो. अंधार.

अंधारात पलंग दिसायला लागतो. आणि श्रोतेहो, अजून कोणी एक शब्दही बोललेलं नाही, तोच प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. त्यांनी ती खोली ओळखली होती! माणसं नव्हे, खोली ओळखली होती. बारा वर्षांपूर्वी संपलेल्या मालिकेतली खोली, तोच पलंग. बॉब दिवा लावतो, म्हणतो, अगं ऊठ, मला काय स्वप्न पडलं ते सांगतो. पलीकडे पांघरुणात हालचाल होते आणि सुझॅन उठून बसते. मग तर स्टुडिओ दणाणून गेला.

तो सांगतो, मी व्हर्मॉन्टमध्ये पांथशाळा चालवत होतो, गावातले लोक चक्रम होते. ती त्रासून म्हणते, झोपण्याआधी जपानी जेवण पुरे आता. दिवा मालवून झाल्यावर तो म्हणतो, तू स्वेटर जास्त घालत जा. मेरी फ्रॅनचे स्वेटर आठ वर्षं सगळ्या देशानं पाहिले होते. नुसतं स्वेटर म्हटलं आणि हशा! हा भाग २१ मे १९९० ला दाखवला गेला. पुन्हा तेच लिंकनच्या फोनचं तंत्र बघा, अर्धं त्यानं सांगितलं आणि उरलेलं लोकांनी स्वतःच्या आठवणीतून भरलं. पडद्यावर नकली हसू चिकटवणाऱ्यांना ही गोष्ट कधी साधणार नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. इतक्या वर्षांत टीव्हीवरच्या अभिनयाचं एमी पारितोषिक त्याला मिळालं नव्हतं. ते मिळालं २०१३ मध्ये, चौऱ्याऐंशीव्या वर्षी, ‘द बिग बँग थिअरी’मध्ये मुलांना विज्ञान शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या टीव्ही कलाकाराच्या पाहुण्या भूमिकेसाठी. सुझॅन २००८ मध्ये गेली. जिनी गेली २०२३ मध्ये, साठ वर्षांच्या संसारानंतर. १८ जुलै २०२४ ला लॉस एंजेलिसमध्ये बॉब गेला, वय चौऱ्याण्णव.

तो शेवटचा प्रसंग कुठे बघायला मिळाला, तर दिवा लागण्याआधीच्या त्या टाळ्यांकडे कान द्या. नमस्कार.