वहीतला तिसरा रकाना

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार.

अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. बँकेत असताना दहा मिनिटांत मी एक चेकसुद्धा पास केला नाही, हे इथल्या जुन्या खातेदारांना माहीत आहे. तेव्हा घड्याळ बघू नका.

चवथीला लेक आली होती, तिचा मुलगा बरोबर. वय दहा. पाऊस कोसळत होता, वीज गेलेली, टीव्ही बंद. आरत्यांच्या मधल्या वेळात त्याला माझी वाचनाची वही सापडली. वही म्हणजे बँकेतून बाद झालेलं लेजर, लाल पुठ्ठ्याचं. वर्षाला काही पानं, वर्ष संपलं की खाली दुहेरी रेघ. बँकेची सवय, मरेपर्यंत जायची नाही. तर हा पठ्ठ्या आईचा फोन घेऊन एकेक लेखक शोधायला बसला आणि हजेरी घ्यावी तसा ओरडायला लागला, 'बोरकर, १९८४! महादेवशास्त्री जोशी, १९९२! रवींद्र केळेकर, २०१०!' मला आधी कळेचना की हे चाललंय काय. मग तो म्हणाला, 'गे आजी, तुझ्या वहीत सगळे मेलेलेच आहेत.'

सगळं घर हसलं. आमचे हे सगळ्यांत मोठ्याने. मीही हसले, पण मोदकाची उकड काढताना दोनदा पाणी चुकलं.

खरं सांगायचं तर मी त्याला लगेच उत्तर दिलं होतं. म्हटलं, 'असं काही नाही, दामोदर मावजो आहेत ना, आपल्या माजोर्ड्याला. ज्ञानपीठ मिळालंय त्यांना.' तर म्हणतो, 'मग तू त्यांच्याशी बोललीस?' आता फोंड्याहून माजोर्डा किती लांब आहे हे तुम्हांला मी सांगायला नको. लग्नाला, मुंजीला, बाराव्याला आपण त्याच्या दुप्पट लांब जातो. वर आमच्या ह्यांनी मध्येच फाटा फोडला, की मावजो कोंकणी, ते तुझ्या मराठी वाचनाच्या वहीत कसे आले? झालं. मोदक बाजूला आणि १९८७ सुरू. गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, त्या कायद्याच्या वेळी किती घरांत अबोला धरला गेला, ते या सभागृहात बसलेल्या निम्म्या लोकांना आठवत असेल. आमच्याकडे सासूबाई बोलायच्या कोंकणी, पोथी वाचायच्या मराठी, आणि रागावल्या की मधूनच पोर्तुगीज शब्द. त्यांना कोणी विचारलं नाही की तुमची वही कुठल्या भाषेची. मी कोल्हापूरहून आलेली सून, मी कुणाला विचारणार? माझ्या वहीत दोन्ही आहेत, एकाखाली एक.

पण मुलाचं म्हणणं डोक्यातून जाईना. सगळे गेल्यावर रात्री वही घेऊन बसले. माझ्या वहीला चार रकाने. तारीख, पुस्तक आणि लेखक, कुणाकडून, परत केलं का. नातवाने दुसरा रकाना वाचला. मी तिसरा वाचायला घेतला.

तिसऱ्या रकान्यात सुरुवातीला माणसंच माणसं. शेजारच्या वहिनी. शाळेतल्या बाई. वाचनालयाचे कारकून, जे पुस्तकावर शिक्का मारता मारता शेवट सांगून टाकायचे. बेळगावच्या गाडीचे कंडक्टर, दिवाळी अंकांचा गठ्ठा त्यांच्या सीटखालून यायचा. तो नरकासुर जाळायच्या रात्री हातात पडला तर भाग्य, बाहेर ढोल-ताशे आणि आत आपण, पहाटे फोव, म्हणजे दिवाळीचे पोहे, करायला उठायचं आहे हे विसरून. या माणसांकडून पुस्तक नुसतं येत नसे. देताना पंधरा मिनिटं गप्पा, परत घेताना अर्धा तास. वहिनींशी तर माझी कादंबऱ्यांवरून भांडणं झाली आहेत, कायमची नाही, पण गूळ-खोबऱ्याची वाटी दोन दिवस बंद होईल इतपत.

पुढची पानं उलटली तशी माणसं विरळ झाली. 'विकत.' 'विकत.' 'ऑनलाइन.' मग मागच्या काही वर्षांत एकच शब्द, 'पीडीएफ.'

इथे मी तुम्हांला थोडं बोलणार आहे, राग मानू नका. मंडळाच्या पुस्तकप्रेमींच्या ग्रुपवर सकाळी फुलांचे फोटो येतात आणि दुपारी पाचशे पुस्तकांची एक लिंक. खाली सतरा जण हात जोडतात. त्यातलं एक तरी पुस्तक कुणी उघडलं का, कुणाला आवडलं का, कुणाचं डोकं फिरलं का, यावर एक ओळ नाही. शिवाय ती पुस्तकं चोरलेली असतात हो. लिहिणाऱ्याला त्यातून छदाम मिळत नाही. नातू म्हणाला लेखक मेलेले आहेत, आणि जे जिवंत आहेत त्यांची आपण अशी सोय करतो.

आणि वर्षअखेरीस जो तो आकडा टाकतो. यंदा पन्नास, यंदा साठ. आमचे हे म्हणतात, दुसऱ्यांदा वाचलेलं मोजायचं नाही. मी म्हणते मोजायचं. त्यावर त्यांचं उत्तर, 'मग आई रोज पोथी वाचायची, तिची वर्षाला ३६५ झाली.' मला यावर अजून तोड सापडलेली नाही.

नोंद कशाला ठेवायची, असं इथल्या काही जणांनी मला विचारलं आहे. पणजीत पाट्टोवरचं आपलं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचं, आणि त्याला नाव आहे कृष्णदास शामाचं. केळशीचा हा माणूस. १५२६ साली त्याने मराठीत कृष्णचरित्र रचायला घेतलं. गोव्यात पुढे पोर्तुगीज राजवटीत किती पोथ्या जळल्या आणि काय बुडवलं ते तुम्हांला माहीत आहे. त्याचं काव्य आज हाती आहे, ते पोर्तुगालमधल्या ब्रागा गावच्या ग्रंथालयातल्या हस्तलिखितात. कुणी उतरवलं? जेझुइट पाद्र्यांनी, रोमन लिपीत, आपली भाषा आणि आपले देव समजून घ्यायला, आणि तेही धर्मांतरासाठी, हे आपल्याला ठाऊक आहे. हेतू काही असो, वाचणाऱ्याने लिहून ठेवलं म्हणून राहिलं. नातवाच्या हिशेबाने कृष्णदास शामाही मेलेलाच, आणि फारच जुना.

दुसरे आपले सांकवाळचे धर्मानंद कोसंबी. लहान मुलांच्या 'बालबोध' मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं, आणि ते काही केल्या मनातून गेलं नाही. १८९९ साली घर सोडलं. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, पुढे थेट हार्वर्ड. एका मासिकातल्या लेखाने माणूस कुठल्या कुठे गेला, आणि हे आपल्याला कळतं कारण त्यांनी स्वतः आत्मचरित्रात ते लिहून ठेवलं, की मी अमुक वाचलं आणि माझं असं झालं. आम्हा बायकांच्या मनात मात्र दुसराच विचार येतो. घरात त्यांची बायको बाळाबाई, पदरात तान्ही मुलगी. त्यांनी जर वाचनाची वही ठेवली असती, तर त्या मासिकासमोर शेरा काय लिहिला असता?

माझ्या वहीत शेऱ्याला रकानाच नाही, हे मला त्या रात्री लक्षात आलं. परत केलं की नाही याला आहे. बँकवाली ना! माझ्याकडून नेलेली पुस्तकंही मी तिथेच लिहिते; चौथ्या रकान्यात ज्यांच्यापुढे अजून फुली आहे, त्यांतले तीन जण मला आत्ता इथून दिसताहेत. नावं घेत नाही. एक तर खाली बघायला लागले.

तर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी माझ्या घरी बसायचं ठरलं आहे. आकडे सांगायचे नाहीत. प्रत्येकाने एकच पुस्तक आणायचं, ते कुणाकडून मिळालं ते सांगायचं, आणि त्यावर भांडायचं. पोहे मी करीन. दर खेपेला निदान एक पुस्तक असं हवं, ज्याचा लिहिणारा फोन उचलू शकेल. ही अट नातवाची आहे असं समजा.

अडलं आहे ते मुलांच्या बाबतीत. नातू वाचतो, माझ्याहून जास्त वाचतो, पण सगळं इंग्रजी. त्याचीही शाळेत वाचनाची नोंद असते, पुस्तकागणिक चांदणी मिळते. मी म्हटलं, त्याला बैठकीला आणते, पुस्तक इंग्रजी असू दे, बोलू दे मराठीत. कार्यकारिणीत यावर दोन तट पडले. एक बाजू म्हणते, एकदा इंग्रजी पुस्तक आत आलं की वर्षभरात सगळी बैठकच इंग्रजी होईल. दुसरी म्हणते, नाही आणलं तर मुलंच येणार नाहीत, आणि आपण म्हातारे एकमेकांना पोहे वाढत बसू. दोन्ही बाजूंना जुनी, वाचणारी माणसं आहेत. मी सकाळी एकीकडे असते आणि संध्याकाळी दुसरीकडे. निर्णय पहिल्या रविवारच्या आधी घ्यायचा आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी हे सुटलं असेल, तर चहाच्या वेळी मला गाठा.